वणव्याच्या हंगामाआधी दरवर्षी क्षमता चाचणी हवी

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात वनरक्षक भरतीचे छायाचित्र आले होते. पहाटेचा अंधार, डांबरी रस्ता आणि छातीवर क्रमांक लावून झपाझप चालणारी पोरे-पोरी. मुलांना २५ किलोमीटर, मुलींना १६, आणि वेळ दोघांनाही चारच तास. त्याआधी धावण्याची परीक्षा वेगळी. या पोरांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. पण चौतीस वर्षे जंगलात काढून वनपाल म्हणून निवृत्त झालेला माणूस म्हणून एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. ही चाचणी नोकरीत शिरताना एकदाच होते. त्यानंतर तोच माणूस तीसेक उन्हाळे वणव्याला तोंड देतो, आणि त्याच्या छातीत किती दम उरलाय, गुडघे साथ देतात की नाही, हे माझ्या सगळ्या नोकरीत कोणी पुन्हा तपासलेले मी पाहिले नाही. आणि आगीच्या सगळ्यात जवळ जो असतो, तो रोजंदारीवरचा फायर वॉचर. त्याची चाचणी तर पहिल्या दिवशीही होत नाही. गावातून माणूस बोलवायचा, हजेरीपटावर नाव चढवायचे आणि हातात हिरवी डहाळी नाहीतर पाठीवर वाऱ्याच्या झोताने पाला उडवणारा ब्लोअर द्यायचा.

८ एप्रिल २०२१ रोजी नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आग विझवायला गेलेल्या तीन हंगामी मजुरांचा होरपळून मृत्यू झाला, दोघे भाजले. १३ जून २०२४ रोजी उत्तराखंडात अल्मोड्याजवळ बिनसरच्या जंगलात वनविभागाची चार माणसे अशीच त्याच दिवशी गेली, चार गंभीर भाजली. शारीरिक चाचणी झाली असती तर ही माणसे वाचली असती, असे मी म्हणणार नाही. वारा फिरला आणि आग चढाला लागली की धडधाकट तरुणालाही ती गाठते. पण तिथून निसटायला जी पाच-दहा मिनिटे मिळतात, त्यांत पाय चालतात की नाही, हे अंगात उरलेल्या दमावर असते. सकाळपासून धुरात राबलेल्या माणसात तो किती उरतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

एप्रिलची दुपार होती. ओढ्याकाठची आग आम्ही आटोक्यात आणली होती, एवढ्यात जंगलाच्या शेजारच्या कक्षात टेकडीच्या माथ्याकडे धूर दिसला. आमच्यात एक जुने वॉचर होते, पन्नाशी ओलांडलेले. सगळे त्यांना काका म्हणत. जंगलाची वाट त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक नव्हती, म्हणून मीच म्हणालो, "काका, ब्लोअर घेऊन तुम्ही पुढं व्हा, दोघं पोरं संगं घ्या." ते कधी नाही म्हणत नसत. अर्ध्या चढावर ते बसले. मी पोहोचलो तेव्हा ओठ पांढरे पडले होते, ब्लोअरचे इंजिन पाठीवर तसेच घरघरत होते आणि पट्टे सोडवायचेही भान त्यांना नव्हते. "साहेब, जरासा दम लागला," एवढेच बोलले. खालच्या अंगाला पाला पेटत पेटत वर येत होता. आम्ही तिघांनी त्यांना उचलून आधीच जळून काळ्या पडलेल्या पट्ट्यात नेले. तिथे जळायला काही उरलेले नसते, म्हणून तेवढीच जागा सुरक्षित. तालुक्याच्या दवाखान्यात त्यांचा रक्तदाब मोजला, तो फार वाढलेला निघाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या दंडाला तो पट्टा बांधला गेला होता. काका वाचले, पण पुन्हा कामावर आले नाहीत. त्यांना वर पाठवण्याआधी मी एक प्रश्नही विचारला नव्हता, याची बोच मला आजही आहे.

अमेरिकेत वणवा विझवणाऱ्या सरकारी माणसांसाठी यावर एक सरळ उपाय आहे. तो म्हणजे एक चाचणी, तिथे तिला पॅक टेस्ट म्हणतात. पाठीवर ४५ पौंड, म्हणजे साधारण २०.४ किलो ओझे घेऊन सपाट जमिनीवर ३ मैल, म्हणजे ४.८ किलोमीटर, ४५ मिनिटांत चालायचे. धावायला मनाई. बाई असो वा पुरुष, वजन तेच आणि वेळ तीच. मुख्य म्हणजे ही चाचणी दरवर्षी द्यावी लागते, आणि ती पार केल्याशिवाय आगीच्या रेषेवर कष्टाचे काम मिळत नाही. १९७५पासून तिथे बाकावर चढ-उतार करायला लावून नाडी मोजत असत. पण घबराट, चहा-कॉफी, रात्रीचे जागरण, कशानेही नाडीचा आकडा हलतो. म्हणून मोंटाना विद्यापीठाचे ब्रायन शार्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कामासारखीच दिसणारी ही चाचणी बसवली. आगीपुढे जाळरेषा, म्हणजे आग अडवायला पाला-गवत काढलेला मोकळा पट्टा, खोदताना शरीराला जितका प्राणवायू लागतो, जवळपास तितकाच तो ओझे घेऊन त्या वेगाने चालताना लागतो.

गंमत वेगाची आहे. आपले २५ किलोमीटर चार तासांत म्हणजे ताशी सव्वासहा किलोमीटर. त्यांचे ४.८ किलोमीटर पाऊण तासात म्हणजे ताशी ६.४. वेग जवळजवळ एकच, पण आपला उमेदवार रिकाम्या पाठीने चालतो. रिकाम्या पाठीने लांबवर चालणे गस्तीला उपयोगी, त्याबद्दल वाद नाही. वणव्यात मात्र अंतर थोडे असते आणि पाठीवर वजन असते.

त्यांचीच चाचणी उचलून इथे लावा, असे माझे म्हणणे नाही. ४५ पौंड आपल्या कामाला जास्त होतील. पण त्यांच्याकडे मधली एक पायरी आहे: २५ पौंड, म्हणजे ११ किलोच्या थोडे वर, आणि २ मैल, म्हणजे ३.२ किलोमीटर, अर्ध्या तासात. पाठीवरचा ब्लोअर पेट्रोल भरला की साधारण एवढाच भरतो. म्हणजे आपल्या कामाचे माप आयतेच हाताशी आहे. मी गावाजवळच्या कच्च्या रस्त्यावर तेवढे अंतर मोजले, पिशवीत तांदूळ भरून पाठीला बांधले आणि मंगळवारी सकाळी सहाला चाललो. पस्तीस मिनिटे लागली. शेवटच्या अर्ध्या किलोमीटरात खांद्यात पट्टे रुतले आणि घसा कोरडा पडला. हवा गार होती, पायाखाली सपाटी होती, धूर नव्हता. एप्रिलमध्ये, त्रेचाळीस अंशांत, साग आणि बांबूच्या वाळल्या पाल्यातून घसरत चढताना काय होत असेल, ते ज्याने केले त्यालाच कळेल.

चाचणी जिवावर बेतते, हा आक्षेप खरा आहे आणि तो मी हलक्यात घेत नाही. अमेरिकेतही पॅक टेस्ट देताना हृदयविकाराने माणसे गेली आहेत. २०२४च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झारखंडच्या उत्पादन शुल्क शिपाई भरतीत दहा किलोमीटर धावताना दहाहून अधिक उमेदवारांचा जीव गेला. म्हणून क्रम उलटता कामा नये. आधी तब्येत, मग चाल. अमेरिकेत चाचणीआधी प्रत्येकाकडून प्रश्नावली भरून घेतात: छातीत दुखते का, चक्कर येते का, कुठले औषध चालू आहे का. शंका आली की माणूस आधी डॉक्टरकडे जातो. आपल्याकडे लिहिता-वाचता न येणाऱ्या वॉचरला हे प्रश्न त्याच्या बोलीत, गोंडीत, कोरकूत, वऱ्हाडीत विचारावे लागतील. प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर, रक्तदाबाचे यंत्र, साखर तपासायची पट्टी, एवढ्यावर भागते. चाचणी उजाडता उजाडता उरकायची, धावायचे नाही, आणि रुग्णवाहिका जागेवर उभी हवी.

दुसरी भीती पोटाची आहे, आणि मला ती पहिलीपेक्षा मोठी वाटते. चाचणीत नापास झालो तर हंगामाची मजुरी बुडेल, म्हणून वॉचर छातीतली कळ लपवेल. मोहफुले वेचून आणि तेंदूपत्ता तोडून जे मिळते, त्यात या चार महिन्यांच्या मजुरीची भर पडते तेव्हा कुठे घर चालते. त्यामुळे नियमच असा हवा की चाचणी पार न करणाऱ्याची मजुरी जाणार नाही, काम बदलेल. निरीक्षण मनोऱ्यावर धूर टिपणे, वायरलेसवर बसणे, पाणी पोचवणे, गावात फिरून मोहाखाली पाला पेटवू नका म्हणून सांगणे, ही कामेही कोणीतरी करायचीच असतात. सॅटेलाइटवरून आगीचा संदेश मोबाइलवर येतो तेव्हा नेमकी जागा ओळखायला जुन्या वॉचरइतका जाणता माणूस मिळत नाही. काकांना मी त्या दिवशी मनोऱ्यावर बसवायला हवे होते. चाचणीच्या दिवसाची हजेरीही भरली पाहिजे. आणि वनरक्षक, वनपालांना व्यायामासाठी कामाच्या वेळेत जागा द्यावी. अमेरिकेतल्या वणवा पथकांना त्यासाठी रोज तासभर पगारी वेळ मिळतो.

बुटांचे मात्र आजच करता येईल, त्याला चाचणीची वाट बघायची गरज नाही. आजही आग विझवायला चपलेवर आलेली माणसे दिसतात.

वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो. जाळरेषा त्याआधी झाल्याच पाहिजेत, यासाठी वरून पत्रे येतात, तपासणी होते, मोजमाप होते. तशीच हंगामाआधीच्या जानेवारीत एक सकाळ माणसांसाठी काढावी. सगळ्या राज्यात एकदम नको, दोन-चार वनपरिक्षेत्रांत यंदा करून बघावे. किती जणांचा रक्तदाब वाढलेला निघतो, किती जण अर्ध्या तासात पोहोचतात, हे निदान कागदावर येईल. आज तर तो आकडाच कुणाकडे मागायची सोय नाही.

काकांचा धाकटा मुलगा यंदा वॉचर म्हणून लागतोय. परवा भेटला, खुशीत होता. वय सत्तावीस, बारीक अंगाचा, बिड्या ओढतो. मी त्याला दवाखान्यात जाऊन तपासून ये म्हटले, तर म्हणाला, "साहेब, तसं काय विचारलं नाही कोणी."

आपला,
एक निवृत्त वनपाल, विदर्भ