घाटाच्या पायऱ्यांना आधी काठ द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सिंहस्थ जवळ येऊ लागला की नाशकात घाटांवरच्या दिव्यांची चर्चा सुरू होते. खांब किती, हायमास्ट कुठे, रोषणाई कशी. उजेड हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले आहे आणि पंचवटीत राहते, म्हणून कळकळीने लिहिते: गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला नुसता जास्त उजेड पुरत नाही. एक पायरी कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते, ते त्याला दिसावे लागते.

आपल्या घाटाचा दगड काळा. पावसाळ्यात त्यावर गाळ बसतो, नंतर शेवाळ, आणि रामकुंडाजवळ तर तो बाराही महिने ओला. वरून पाहिले की चार पायऱ्या मिळून एकच काळा उतार दिसतो. पहाटे स्नानाला किंवा दशक्रियेसाठी परगावाहून आलेल्या आजीबाई पायाने चाचपत, कुणाचा तरी दंड धरून उतरतात. त्यांची नजर अधू आहे असे आपण म्हणतो आणि सोडून देतो. पण तिथे डोळ्याला पकडायला काही ठेवलेलेच नसते.

आपले वर्तमानपत्र सकाळी उन्हात वाचा किंवा रात्री घरातल्या ट्यूबलाइटखाली. दोन्ही वेळी कागद पांढरा आणि अक्षरे काळीच दिसतात. खरे तर उन्हातल्या काळ्या अक्षरावरून डोळ्यात जितका प्रकाश येतो, तितका रात्रीच्या कोऱ्या कागदावरूनही येत नाही. तरीही आपली फसगत होत नाही, कारण डोळा प्रकाश मोजत बसत नाही. तो शेजारी-शेजारी असलेल्या दोन गोष्टींतला फरक पाहतो.

हे काम मेंदूच्या आधी, दृष्टिपटलातच सुरू होते. मुलांना आपण शिकवतो की दंडपेशी अंधुक उजेडात काम करतात आणि शंकूपेशी रंग ओळखतात. ते बरोबरच आहे, पण त्यांच्या पुढचे थर शाळेत राहूनच जातात. प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींच्या आसपास, आणि मेंदूकडे जाणाऱ्या नसेतले तंतू जेमतेम १० ते १२ लाख. प्रत्येक पेशीचा निरोप जसाच्या तसा वर पोचणे शक्यच नाही. म्हणून मधल्या पेशी निवड करतात. एका जागी उजेड पडला आणि भोवतीही तेवढाच असला, तर शेजारच्या पेशी त्या जागेचा निरोप दाबतात. जिथे उजळ आणि काळे एकमेकांना भिडते, तिथला निरोप मात्र ठसठशीत जातो. स्टीफन कफ्लर यांनी १९५३ साली मांजराच्या डोळ्यातल्या पेशींवर हे केंद्र आणि भोवतालचे नाते दाखवले. शेजारी पेशी एकमेकींना कशा दाबतात हे हॉल्डन हार्टलाइन यांनी एका समुद्री प्राण्याच्या डोळ्यावर शोधले होते, आणि दृष्टीवरील कामासाठी १९६७ साली त्यांना नोबेल मिळाले.

म्हणजे काळ्या घाटावर दिवे दुप्पट केले तर सगळाच दगड दुप्पट उजळतो, फरक जिथल्या तिथे राहतो. वर तो दिवा समोरून डोळ्यांवर येत असेल तर आणखी वाईट. वयाबरोबर बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होते. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण तिसरा हिस्साच प्रकाश पोचतो. मोतीबिंदू असेल तर समोरच्या दिव्याचा प्रकाश डोळ्याच्या आत विखुरतो आणि दुधाळ पडद्यासारखा सगळ्या दृश्यावर पसरतो. होता तो फरकही त्यात बुडतो. बायफोकल चष्म्याचे खालचे भिंग वाचनासाठी असते, त्यातून पायरी पुसट दिसते, ते वेगळेच.

शिवाय झगझगीत मंडपातून अंधाऱ्या काठावर आलेल्या डोळ्याला सावरायला वेळ लागतो. शंकूपेशी दहाएक मिनिटांत जुळवून घेतात, पण दंडपेशींना पूर्ण सरावायला अर्धा तास किंवा त्याहून जास्त लागतो. पर्वणीच्या गर्दीत एवढा वेळ कोण उभे राहू देणार?

तेव्हा माझी मागणी साधी आहे. प्रत्येक पायरीच्या अगदी काठावर दोन-तीन इंच रुंद, खरखरीत, पिवळा पट्टा असावा. फक्त काठावर. पूर्ण पायरी रंगवली तर पुन्हा तेच, नुसता काळ्याऐवजी पिवळा उतार. नक्षीदार फरशाही नकोत, त्यात खोटे काठ तयार होतात.

रंग पिवळाच का, तर आपल्याकडे हात आधी गेरूकडे जातो. दिवसा गेरू शोभतो. पण पहाटेच्या अंधुक प्रकाशात शंकूपेशी मागे पडतात, दंडपेशी पुढे येतात आणि दंडपेशींना लाल प्रकाश जवळजवळ जाणवतच नाही. तेव्हा काळ्या दगडावरचा गेरू काळाच होऊन बसतो. पिवळा रंग मात्र लालाबरोबर हिरवा प्रकाशही परत पाठवतो, त्यामुळे अंधुक उजेडातही तो दगडापेक्षा उजळ राहतो. लाल-हिरव्यात गोंधळणाऱ्या रंगांध लोकांनाही तो काळ्यावर वेगळा दिसतो. हाच विचार दिशादर्शक फलकांच्या बाबतीत व्हावा. हिरव्यावर लाल अक्षरे लिहू नयेत. पिवळ्यावर काळी लिहावीत, म्हणजे पहाटेही वाचता येतील.

दिवे वरून झाकलेले, खाली पायरीवर प्रकाश टाकणारे हवेत, उतरणाऱ्याच्या चेहऱ्यावर नव्हे. उघडझाप करणारी रंगीत रोषणाई देवळांच्या शिखरांवर करा, पायऱ्यांवर नको.

जुना दगड रंगवून विद्रूप होईल, ही काळजी मलाही आहे. जिथे घडीव जुनी पायरी आहे तिथे काढता येईल अशी पट्टी लावावी, आणि नव्या बांधकामात फिकट दगडाची पट्टी काठातच बसवावी. तेही सरसकट करण्याआधी एकाच उतरणीवर करून पाहावे. पावसाळ्याचा गाळ धुऊन निघाल्यावर, उजाडायच्या आधी, गंगेवर रोज येणाऱ्या सत्तरीतल्या काही मंडळींना तिथून उतरायला सांगावे आणि त्यांना काय दिसले ते विचारून मगच पुढच्या कामाचे आदेश काढावेत.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका
पंचवटी, नाशिक