चीर म्हणजे फट नव्हे

संपादक साहेब, स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या शब्दकोड्यात आडवा शब्द होता 'अरुंद भेग, दोन अक्षरी'. मी चहा पीत पीत पेननंच 'फट' लिहून मोकळा. त्यातल्या ट वरनं खाली उभा शब्द 'उपवासाचं कंद', तीन अक्षरी, आता ट वरनं उपवासाला काय चालतं सांगा, अर्धा तास डोकं खाजवलं, शेवटी बायको म्हणली अवो रताळं असंल, तेव्हा कळलं तुम्हाला 'चीर' पाहिजे होतं. ते असूद्या. पण उत्तराखाली 'समानार्थी: फट, भेग, तडा, चीर' असं छापलंय ते काय पटलं नाही बघा.

आमच्या कराडकडं ही चार वेगळी. नुसतं क्रियापद लावून बघा, फट राहते, भेग पडते, तडा जातो. दाराला भेग पडली असं कोण म्हणतं का? भेग वाळण्यातनं येते, टाचेला नाहीतर भुईला. कृष्णाकाठची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात वाळून आकसते, गेल्या मे महिन्यात माझं खुरपं भेगेत पडलं ते काढायला कोपरापर्यंत हात घालावा लागला, आणि आत चक्क गार लागत होतं. तड्याला मात्र दणका लागतो. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा घरांना तडे गेले, खुद्द धरणाच्या भिंतीलाही गेले, ती नंतर मजबूत करून घ्यावी लागली. आमच्या जुन्या घरात माजघराच्या भिंतीला तसाच एक होता, आजी त्याला शेवटपर्यंत तडाच म्हणायची, लिंपला तरी दर पावसाळ्यात परत दिसायचा.

आणि चीर म्हणजे केसाएवढी, कधी कधी डोळ्याला दिसतपण नाही. म्हणून तर माठ घेताना बोटानं वाजवून बघतात, खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला की समजायचं चीर गेलीय. (कुंभारमामा नाही म्हणतात, पण घरी आणल्यावर तिवई ओली होते.) खडकातली कपार आणि दोन फरशांमधली सांद हे तर अजून निराळंच, त्यात आज शिरत नाही.

पुढच्या वेळी क्लू 'माठाला जाते, दोन अक्षरी' असा द्या, मग फट लिहायची कुणाची टाप नाही. माझं आजचं कोडं खाडाखोडीनं पार काळं झालंय.

आपला,
एक वाचक, कराड (जि. सातारा)