जुन्या घरात हीट पंप : आधी रेडिएटर पाहा

महोदय,

ब्रिटनमधल्या जुन्या, एकसंध विटांच्या भिंतींच्या घरांत हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता विजेच्या मदतीने घरात आणणारं यंत्र) चालत नाही, हा समज आपल्याकडून तिथे स्थायिक झालेल्यांमध्येही ऐकू येतो. पंप घर तापवतो. तोकडे पडतात ते बहुतेकदा रेडिएटर, म्हणजे गरम पाण्याने खोली तापवणारे धातूचे पॅनेल. गॅस बॉयलर साधारण ७० अंशांचं पाणी फिरवतो, पंप किफायतशीर चालतो ४५ च्या आसपास. तेवढ्यावर तोच रेडिएटर निम्म्याहूनही कमी उष्णता देतो. म्हणून ऐन जानेवारीत बॉयलरचं हीटिंगचं पाणी ५० अंशांवर ठेवून पाहावं. ज्या खोल्या गार राहतील, तिथलेच रेडिएटर मोठे करावेत. ८ मिलिमीटरचे बारीक पाइप असतील, तर तेही अडचणीचे; पंपाला पाण्याचा प्रवाह जास्त लागतो. खर्च करायचाच, तर आधी माळ्यावर २७० मिलिमीटर जाडीची खनिज लोकर (उष्णता रोखणारा थर) घालावी आणि फटी बुजवाव्यात. भिंतींना आतून फोम चिकटवण्याची घाई नको : ओल अडकते, तुळयांची टोकं कुजतात. आणि ‘असू दे जास्तीचा’ म्हणत मोठा पंप गळ्यात मारणारा ठेकेदार टाळावाच. असा पंप सारखा चालू-बंद होतो, बिल फुगतं. खोलीनिहाय उष्णतागळतीचा हिशेब लेखी मागावा.

– एक वाचक, पुणे