अण्णांच्या कानाला स्टेथोस्कोप लावणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर,
सप्रेम नमस्कार.

अण्णा काल पुन्हा पर्वती चढून आले. १०३ पायऱ्या, मध्ये न थांबता. ऑपरेशनच्या आधीही ते अशाच चढायचे, आणि घोडं तिथंच अडलं होतं. दम लागत नाही, पायावर सूज नाही, मग छाती उघडायची कशाला?

तुमच्याआधी आम्ही दोन दारं ठोठावली. इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टवर हृदयातल्या मायट्रल झडपेची तीव्र गळती स्वच्छ लिहिलेली असताना एकांनी ‘त्रास झाला की या’ म्हणून परत पाठवलं, पुढची तारीखसुद्धा दिली नाही. दुसरे म्हणाले, ‘उद्याच ॲडमिट करा, नाहीतर जबाबदारी तुमची.’ का, म्हणून विचारलं तर मान वर केली नाही. त्या रात्री आई देवापुढून उठलीच नाही. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

तुम्ही घाईही केली नाहीत आणि वाऱ्यावरही सोडलं नाहीत. दर सहा महिन्यांनी इको, आणि फाइलच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत दोन आकडे: पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदयाच्या डाव्या कप्प्यातलं किती रक्त बाहेर फेकलं जातं ते, ६० टक्के किंवा कमी, किंवा आकुंचनानंतरही तो डावा कप्पा ४० मिलिमीटर किंवा जास्त रुंद. यातलं एक जरी झालं तरी थांबायचं नाही. ‘पंपिंग ६० म्हणजे चांगलंच ना?’ असं मी विचारलं होतं. गळक्या झडपेतून रक्त मागे सहज निसटतं म्हणून आकडा चांगला दिसतो, स्नायू मात्र आतून थकत असतो, हे तुम्ही न कंटाळता दोनदा सांगितलंत.

तिसऱ्या इकोत ५८ आणि ४१ आले. अण्णा हटून बसले, ‘मला काही होत नाही.’

बाहेर रांग लागली होती. तुम्ही उठून आलात, स्वतःच्या कानातला स्टेथोस्कोप काढून त्यांच्या कानात घातलात, त्याची चकती त्यांच्या छातीवर डावीकडे धरलीत आणि गप्प उभे राहिलात. अण्णांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन म्हणून गेली. मध्यरात्री रस्त्यावर लोखंडी सळई पाइपला टेकवायची, दुसरं टोक कानाला, आणि गळती कुठे आहे ते ऐकायचं. त्यांनी डोळे मिटले. मग हळूच म्हणाले, ‘गळतंय.’

‘तुम्ही कधी खणलं असतं?’

‘रस्ता खचायच्या आधी.’

त्याच दिवशी त्यांनी सही केली. झडप बदलावी लागली नाही, दुरुस्त झाली.

डॉक्टर, चांगले हात बऱ्याच जणांकडे असतील. पण समोरच्या माणसाला काहीतरी कळतं, असं धरून चालणारी माणसं फार थोडी भेटली आम्हाला. त्या दिवशी तुम्ही अण्णांना पेशंट म्हणून नाही, जाणकार म्हणून विचारलंत. घरी येईपर्यंत ते ताठ बसले होते रिक्षात.

ती सळई अजून माळ्यावर होती. परवा त्यांनी ती काढली, तेल लावून पुसली. पुढच्या तपासणीला तुम्हाला दाखवायला घेऊन येणार आहेत.

तुमची,
अण्णांची थोरली मुलगी