'निर्विघ्न' हा शब्द मागे घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात रविवारच्या ट्रायथलॉनची, म्हणजे पोहणे, सायकल आणि धावणे सलग करायच्या स्पर्धेची, बातमी वाचली. 'कोणताही अनुचित प्रकार न घडता स्पर्धा निर्विघ्न पार पडली' हे वाक्य मी तीनदा वाचले. माझ्या उजव्या तळहाताला सात टाके आहेत. ते त्याच स्पर्धेत पडलेत, वाघबीळच्या वळणावर. तुमचा बातमीदार बक्षीस समारंभ आटोपून गेला तेव्हा मी रस्त्यावरच होते.

पहिल्यांदा आयोजकांचे चांगले ते सांगते. तलावात होड्या होत्या, दोरीला धरून दम खायची सोय होती. दीड किलोमीटर पोहून बाहेर आले तर माझी सायकल ठेवली होती तिथेच, जशीच्या तशी. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावू देत नव्हते, तेही बरोबरच. तक्रार आहे ती त्यानंतरची.

सायकलचा मार्ग पन्हाळ्याकडे चढून परत यायचा होता आणि पन्हाळा भोवतालच्या मुलखापेक्षा चारशे मीटर उंच आहे. केर्ली मागे पडली की चढ मांड्यांना कळायला लागतो आणि वाघबीळपासून वर तर मी सर्वांत हलक्या गिअरवर, चालणाऱ्या माणसाच्या वेगाने होते. चाळीस किलोमीटरची सायकल सपाटीवर वेगळी आणि इथे वेगळी. त्यात हौशी स्पर्धेत दुसऱ्याच्या सायकलमागे वाऱ्यापासून आडोशाला राहून चालवायला मनाई असते. त्यामुळे चढावर माणसे पांगतात आणि मागे राहिलेला अगदी एकटा पडतो. पुढच्यांना गार हवा, मोकळा रस्ता आणि टाळ्या मिळतात. मागच्यांच्या वाट्याला ऊन, जोतिबाला निघालेल्या गाड्या आणि उसाचे ट्रॅक्टर. म्हणजे बंदोबस्ताची खरी गरज कोणाला?

जाताना वाघबीळला दोन पोरे लाल झेंडे घेऊन उभी होती. शिट्टी मारून त्यांनी एक जीप थांबवली आणि मला पुढे सोडले. परत उतरताना मी त्यांच्याच भरवशावर होते. गडाचा रस्ता रत्नागिरी रस्त्याला मिळतो तिथे आले तर कोणीच नाही, आणि समोर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर वळत होता. दोन्ही ब्रेक दाबले. कडेला बारीक खडी होती, मागचे चाक सरकले आणि मी हातावर पडले. ट्रॅक्टरवाल्याचा काही दोष नाही. उलट त्याने गाडी थांबवून मला कडेला बसवले. मी वेग आणखी कमी करायला हवा होता, हेही मान्य करते. पण झेंडेवाला आहे हे धरून उतरणे आणि नाही हे माहीत असताना उतरणे, यात फरक आहे की नाही?

तेव्हा घड्याळात नऊ पन्नास झाले होते. सायकलची मुदत साडेदहाची होती, ती आयोजकांनीच छापलेली. मी मुदतीत होते. नंतर विचारले तर उत्तर मिळाले, 'पुढचे सगळे गेले, म्हणून पोरांना धावण्याच्या मार्गावर हलवलं.' पुढचे सगळे गेले म्हणजे काय? मीही तेवढेच प्रवेश शुल्क भरले होते आणि पाठीवर नंबर लावला होता.

वाचकांच्या पत्रांत परवा एकांनी लिहिले होते की हा पैसेवाल्यांचा खेळ आहे, गावकऱ्यांना नसता ताप. त्यांना दोन गोष्टी सांगायच्या आहेत. मी शिवणकाम करते, माझी सायकल जुन्या बाजारातली आहे आणि पोहायला मी त्रेचाळिसाव्या वर्षी शिकले. दुसरे म्हणजे, त्या वळणावर गवताचा भारा टाकून धावत आली ती एक म्हातारी. 'लेकी, बस जरा. रगात पूस आदी,' म्हणत तिने स्वतःच्या डोक्यावरचे फडके काढून माझा हात बांधला. आणि विचारले काय, तर 'मागनं आनि कोन येनार हाय का?' कोणी मागे असेल तर त्याला सांभाळून उतरायला सांगायचे, म्हणून ती भर उन्हात रस्त्याच्या कडेला उभी राहिली. आयोजकांना जे सुचले नाही ते तिला सुचले.

फार मोठे मागत नाही. शेवटच्या स्पर्धकामागे एक मोटारसायकल ठेवा आणि ती पुढे गेल्याशिवाय वळणावरचा माणूस हलवू नका. पावसाळ्यात आम्ही पन्हाळा ते पावनखिंड चालत जातो, तेव्हा तांड्याच्या शेवटी एक जाणता माणूस असतोच. माणसे कमी पडत असतील तर केर्ली, कुशिरे, बुवाचे वाडी इथल्या तरुण मंडळांना सांगा, ती आनंदाने उभी राहतील. खासबागेत मैदान लहान पोरांच्या, रेवडीच्या बक्षिसावरच्या कुस्त्यांनी सुरू होते. त्या पोरांसाठीही हलगी वाजते. हे कोल्हापूरकरांना कोणी शिकवायला हवे का?

फडके बांधलेल्या हाताने मी सायकल खाली आणली आणि दहा किलोमीटर धावले. पोहोचले तेव्हा कमान उतरवून झाली होती, रुग्णवाहिका निघून गेली होती. जखम धुवायला मी रिक्षाने दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी तीन आठवडे कात्री धरायची नाही म्हणून सांगितले आहे. लग्नसराई सुरू आहे. अकरा ब्लाउजचे कापड काल परत केले, त्यातले चार एकाच नवरीचे होते. ती रडवेली झाली आणि मला तिच्याकडे बघवेना.

आणखी एक. बातमीत पुरुष विजेत्यांच्या वेळा सेकंदापर्यंत दिल्या आहेत. बायकांबद्दल एवढेच की 'गृहिणींनीही उत्साह दाखवला'. आम्हीही तेच पाणी पोहलो, तोच चढ चढलो. आमच्या वेळा आयोजकांकडे आहेत. त्या छापा.

आणि 'निर्विघ्न' या शब्दाची दुरुस्ती, बातमी जिथे आली होती त्याच पानावर छापावी ही विनंती. पुढच्या वर्षी मी नाव देणार आहे. वाघबीळच्या वळणावर कोण उभे राहणार आणि किती वाजेपर्यंत, हे मी नाव देतानाच लेखी मागणार आहे.

आपली,
एक स्पर्धक वाचक,
फुलेवाडी, कोल्हापूर

(हे पत्र मुलीने लिहून दिले आहे, मजकूर माझा.)