५०० मीटरचे वर्तुळ आणि भूजलाची वाट

मा. पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई यांस,

सविनय नमस्कार.

पिण्याच्या सार्वजनिक स्रोताच्या प्रभावक्षेत्रात, ५०० मीटरच्या आत, परवानगीशिवाय कोणी विहीर खोदू नये, अशी तरतूद १९९३ च्या भूजल कायद्यात करण्यात आली. शेजारच्या उपशाने गावाची विहीर आटू नये, हा तिचा हेतू रास्त होता. मात्र हे अंतर पाण्याच्या प्रमाणाची राखण करते. त्या पाण्याबरोबर विहिरीत काय उतरते, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

जमिनीखालचे पाणी उताराच्या दिशेने सरकत असते. त्याचा वेग उतारावर आणि खडक पाणी किती वाहू देतो यावर अवलंबून असतो, हे फ्रेंच अभियंता हेन्री दार्सी यांनी १८५६ मध्ये वाळूवरील प्रयोगांतून दाखवले. राज्याचा बहुतांश भाग ज्या काळ्या पाषाणाने व्यापला आहे, तिथे हे गणित अवघड होते. वरच्या मुरमात पाणी संथपणे झिरपते, त्याखालच्या भेगाळ थरात ते एखाद्या फटीतून झपाट्याने पुढे जाते आणि अभंग कातळाशी येऊन अडते. त्यामुळे ३०० मीटरवरील उकिरड्याचा परिणाम एखाद्या विहिरीवर दिसतो, तर ५० मीटरवरच्या विहिरीला त्याचा स्पर्शही होत नाही. फटीची दिशा कोणती आणि विहीर उताराच्या कोणत्या अंगाला आहे, यावर सारे ठरते.

विरघळलेले पदार्थही एकसारखे वागत नाहीत. काळ्या मातीतील चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो, म्हणून युरियापासून तयार होणारे अमोनियम त्यांना काही काळ चिकटून राहते. परंतु जिवाणूंनी त्याचे नायट्रेट केले की, तेही ऋणभारित असल्यामुळे, त्याला धरून ठेवणारे काही उरत नाही आणि ते पाण्याच्याच वेगाने खाली जाते. उन्हाळ्यात भेगाळलेल्या रानावर मोठा पाऊस झाला, तर त्यातले काही पाणी मातीतून गाळले जाण्याआधीच खोल उतरते. शौचालयाच्या शोषखड्ड्यांतील आणि गोठ्यातील मूत्राचे नायट्रोजनही याच वाटेने जाते.

आमच्या गावात विहिरीच्या वरच्या अंगाला गोठे आहेत. पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर नियमित टाकली जाते, आणि ती टाकायलाच हवी, कारण ती जंतू मारते. नायट्रेटवर मात्र तिचा काही परिणाम होत नाही. पाणी उकळल्याने तर ते कमी न होता, वाफ गेल्यामुळे, थोडे अधिक दाट होते. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नसावे, असे भारतीय मानक सांगते. बाटलीने दूध घेणाऱ्या तान्ह्या बाळाला ही मर्यादा ओलांडलेले पाणी घातक ठरू शकते, कारण त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता त्यामुळे घटते.

आणखी एक बाब मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. फटीतून जाणारे नायट्रेट कडेच्या मुरमातील बारीक छिद्रांतही शिरते आणि तिथे साठून राहते. वरचा उकिरडा हलवला, खत कमी केले, तरी त्या छिद्रांतून ते वर्षानुवर्षे हळूहळू परत पाण्यात येत राहते. म्हणजे आज केलेल्या चुकीची फेड पुढच्या पिढीच्या विहिरीला करावी लागते, आणि एका नमुन्याच्या अहवालावर ‘पाणी पिण्यास योग्य’ असा शिक्का बसल्याने तो धोका टळत नाही.

म्हणून माझी विनंती अशी आहे की, भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून प्रत्येक गावाच्या पिण्याच्या स्रोतासाठी पाणी कोणत्या बाजूने येते याचा नकाशा करवून घ्यावा आणि शोषखड्डे, उकिरडे व कचराडेपो यांच्या जागा ठरवताना तो ग्रामपंचायतीवर बंधनकारक करावा. पाण्याचे नमुने पावसाळ्यापूर्वी आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर, अशा दोन्ही वेळी घ्यावेत. विंधन विहिरीच्या अहवालावर तिची खोली आणि पाणी लागलेला थरही नोंदवावा, कारण त्याशिवाय दोन वर्षांच्या अहवालांची तुलना करता येत नाही. नकाशा गावाच्या चावडीवर लावला, तर विहिरीच्या वरच्या अंगाला खड्डा खोदण्यापूर्वी कोणालाही तो पाहता येईल.

आपला नम्र,
एक ग्रामस्थ