आधी ताईची तपासणी

सातारा,
14 जुलै

प्रिय सुमन,

परवा फोनवर बोलणं अर्धवटच राहिलं. तुझी गाडीची वेळ झालेली आणि माझ्या दारात पेशंट. आता रात्रीचं सगळं आवरून लिहायला बसलेय. पत्र लांबेल, पण ताईचा विषय आहे, घाईने सांगण्यासारखा नाही.

तुझ्या मुख्य प्रश्नाचं उत्तर आधी देते: अंडाशयाचा कॅन्सर झालेल्या तुझ्या ताईची बीआरसीए तपासणी, म्हणजे बीआरसीए 1 आणि 2 या दोन जनुकांत कॅन्सरचा धोका वाढवणारा दोष आहे का हे पाहणारी तपासणी, करावी का? ताईची बीआरसीए तपासणी करून घ्याच, आणि कुणाचीही करायच्या आधी तिचीच करा. पुढच्या केमोच्या वेळी रक्त काढतीलच, तेव्हाच एक नळी जास्त द्यायची. यात दिवस घालवू नका.

ताईच्या राहुलने अमेरिकेत थुंकीवरून जनुकं तपासणारं घरगुती किट मागवलं, त्यात 'बीआरसीए निगेटिव्ह' आलं, आणि म्हणून भाऊजी म्हणतात की आता ताईला परत कशाला टोचायचं. भाऊजींची तगमग मला कळते. चार महिन्यांत त्या माणसाने काय काय पाहिलं! पण हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो चुकीचा का आहे हे तुला नीट समजलं तर तूच त्यांना समजावू शकशील. अशा घरगुती किटला अमेरिकेत 2018 मध्ये पहिल्यांदा परवानगी मिळाली तेव्हा त्यात या दोन जनुकांमधले फक्त तीन बदल पाहिले जात होते, आणि तेही मुख्यतः अश्कनाझी ज्यू कुटुंबांत सापडणारे. पुढे संख्या थोडी वाढली. पण या जनुकांत कॅन्सरला कारण ठरणारे बदल हजारोंनी माहीत आहेत. जाड पोथीतल्या चार ओळी वाचून पोथीत चूक नाही म्हणावं, तसं ते झालं. आणि समज, राहुलची तपासणी अगदी पूर्ण झाली असती, तरी काय? आईकडून मुलाकडे असा बदल जाण्याची शक्यता निम्मी असते. तो राहुलकडे आला नाही, एवढंच त्यातून कळलं असतं. ताईच्या शरीरात काय आहे ते ताईच्या रक्तातच पाहावं लागतं.

ताईचा रिपोर्ट तू वाचून दाखवलास तेव्हा त्यात 'हाय ग्रेड सिरस' शब्द होते ना? अंडाशयाच्या या प्रकारच्या कॅन्सरमध्ये घरात दुसऱ्या कुणाला कॅन्सर असो वा नसो, प्रत्येक बाईची ही तपासणी करावी असं आता जगभरचे कॅन्सरतज्ज्ञ सांगतात. त्याचं पहिलं कारण ताईचा स्वतःचा उपचार. आपल्या पेशींमधला डीएनए रोज कुठे ना कुठे तुटत असतो आणि पेशी तो दुरुस्त करत असतात. दुरुस्तीचे मार्ग एकाहून जास्त आहेत. बीआरसीए बिघडलेल्या गाठीत त्यातला एक मार्ग बंद पडलेला असतो. ओलॅपरिबसारखं औषध दुसराही बंद करतं, मग गाठीतल्या पेशी तग धरत नाहीत. निरोगी पेशींकडे त्या जनुकाची एक चांगली प्रत शिल्लक असते, म्हणून त्या बऱ्याच प्रमाणात निभावून नेतात. सोलो-1 नावाच्या मोठ्या चाचणीचे निकाल 2018 मध्ये आले. केमोचा गुण आलेल्या, पण आजार पुढच्या टप्प्याला गेलेल्या, बीआरसीएमध्ये बदल असलेल्या बायकांना या गोळ्या दिल्या, तर आजार पुन्हा उलटण्याचा किंवा मृत्यूचा धोका 70 टक्क्यांनी कमी झाला. माझ्या शिक्षणाच्या काळात या कॅन्सरबद्दल असा आकडा कुणी उच्चारला असता तर आम्ही विश्वास ठेवला नसता. गोळ्या महाग आहेत आणि त्यांचा त्रासही असतो, रक्त कमी होतं, थकवा येतो. पण त्या द्यायच्या की नाही हे शेवटच्या केमोनंतर साधारण आठ आठवड्यांच्या आत ठरवावं लागतं आणि रिपोर्टलाच तीन-चार आठवडे जातात. म्हणून माझी घाई.

आता तुझ्या माहेराकडे येते. तुझ्या आईकडे कुणाला कॅन्सर नव्हता, म्हणून हा आनुवंशिक नसणार, असं तू म्हणालीस. सुमन, अण्णांची बहीण आठव. सोलापूरच्या आत्या. पोटात पाणी होऊन गेल्या, काविळीचं औषध चालू होतं, असं तूच मला शाळेत असताना सांगितलं होतंस. तेव्हा पंचेचाळिशीच्याही नव्हत्या. अंडाशयाचा कॅन्सर पसरला की पोटात पाणीच होतं. त्या काळात कुणी तपासलं असणार? त्यांना नक्की तेच झालं होतं असं मी म्हणत नाही. पण हे जनुक वडिलांकडूनही तितकंच येतं, आणि बाप स्वतः बहुधा ठणठणीत असतो. घरच्या आजारांची माहिती घेताना आम्ही डॉक्टरसुद्धा आईकडच्या मावश्या मोजतो आणि वडिलांकडच्या आत्या विसरतो. आत्यांच्या मुलाला फोन करून विचार, जुने कागद आहेत का. पोटातलं पाणी काढून तपासायला दिलं असेल तर एखादी चिठ्ठी निघेलही.

ताईचा रिपोर्ट आला की तीन शक्यता. बदल सापडला, तर तुझी फक्त त्या एका जागेची तपासणी करायची, ती पूर्ण तपासणीपेक्षा बरीच स्वस्त पडते. तुझ्यात नसेल तर तू मोकळी, तुझा धोका इतर चारचौघींइतकाच. असेल तर मात्र नीट बसून बोलायला हवं. बीआरसीए 1 मध्ये दोष असेल तर ऐंशी वर्षांपर्यंत स्तनाच्या कॅन्सरची शक्यता 70 टक्क्यांच्या आसपास आणि अंडाशयाच्या कॅन्सरची 44 टक्क्यांच्या आसपास जाते. बीआरसीए 2 मध्ये स्तनाची साधारण तेवढीच, अंडाशयाची 17 टक्के. स्तनासाठी दर वर्षी एमआरआय आणि मॅमोग्राफी करून लक्ष ठेवता येतं. अंडाशयाचं तसं नाही. ब्रिटनमध्ये दोन लाख बायकांच्या चाचणीत निम्म्या बायकांवर वर्षानुवर्षं सीए-125 ही रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी करून पाहिली, 2021 मध्ये निकाल आला की त्याने मृत्यू कमी झाले नाहीत. त्या बायका सर्वसाधारण होत्या, पण तुझ्यासारखीलाही केवळ सोनोग्राफीच्या भरवशावर मी ठेवणार नाही. पाळी जायच्या वयाला आलीस, मुलं मोठी झाली. अंडाशय आणि नळ्या काढून घे, असंच मी सांगेन.

दुसरी शक्यता, काही सापडलं नाही. मग तुला ही तपासणी करायची गरज नाही, घरात हा आजार झालाय एवढं लक्षात ठेवून पुढे चालायचं.

तिसरी शक्यता लोकांना फार छळते. रिपोर्टमध्ये लिहून येतं, 'बदल आहे, पण अर्थ अनिश्चित'. आपल्याकडे हे जरा जास्तच येतं, कारण जगातली बहुतेक माहिती युरोपीय वंशाच्या लोकांच्या रक्तातून जमा झालेली आहे. एखादा बदल आपल्या गावोगावच्या निरोगी माणसांत सर्रास आहे की नाही हे ठाऊकच नसेल तर त्याला दोषी किंवा निर्दोष कसं ठरवणार? जीनोम इंडिया प्रकल्पात देशभरातल्या सुमारे दहा हजार लोकांचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचला आणि 2025 च्या जानेवारीत तो साठा फरीदाबादच्या केंद्रातून संशोधकांना खुला झाला, त्याने हळूहळू फरक पडेल. तोवर एक कडक नियम: अनिश्चित बदलावरून ऑपरेशन करायचं नाही. एका चांगल्या शिकलेल्या घरातल्या बाईला अशा रिपोर्टवरून कुणीतरी स्तन काढून टाकायचा सल्ला दिला होता. ती फाइल घेऊन माझ्याकडे आली तेव्हा हात थरथरत होते तिचे. सल्ला कागद वाचून देऊ नये, माणूस समोर बसवून द्यावा, आणि जनुकांचं शिक्षण घेतलेल्या समुपदेशकाने द्यावा. मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये यासाठी वेगळं क्लिनिक आहे. ताईच्या डॉक्टरांना विचारून तिथलं पत्र घ्या.

ताईच्या मनीषाच्या लग्नाची काळजी भाऊजींनी काढली, ती मी उडवून लावणार नाही. स्थळं बघणं चालू असताना असा कागद घरात असणं म्हणजे काय, हे मला माहीत आहे. आपल्या देशात जनुकांवरून भेदभाव करू नये असा वेगळा कायदाही नाही. पण ताईची तपासणी ताईच्या औषधासाठी आहे. मनीषाची आज कुणीच करत नाही. ती सव्वीस वर्षांची आहे, करायची की नाही, केव्हा करायची, कुणाला सांगायची, हे तिचं तिने ठरवावं. तिच्यापासून आईचा रिपोर्ट लपवणं मात्र मला मान्य नाही. उद्या तिच्यावर प्रसंग आला तर 'तुम्हाला माहीत होतं?' या प्रश्नाला घरात कुणाकडे उत्तर असेल?

तू विचारलंस, माझ्या छोट्या दवाखान्यात असल्या तपासण्या होतात का, की हे सगळे मोठ्या हॉस्पिटलचे खर्च? होतात, मोजक्या. गेल्या वर्षी एक मुलगी आली, बीएड करणारी, ल्युपसचा आजार, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटलेली. दुसरीकडे अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू करून महिनाही झाला नव्हता. माझ्यासमोर तिने ओढणी डोक्यावरून काढली आणि मूठभर केस ओढणीबरोबर आले. पांढऱ्या पेशी हजाराच्या आसपास उतरलेल्या, ताप, तोंडात फोड. औषध त्याच क्षणी बंद केलं, दवाखान्यात दाखल केलं, वाचली. एनयूडीटी15 नावाच्या जनुकात तिच्या दोन्ही प्रती सदोष निघाल्या. आपल्या लोकांत हा दोष युरोपीय लोकांपेक्षा पुष्कळ जास्त आहे. तेव्हापासून हे औषध लिहायच्या आधी मी ती तपासणी सांगतेच. ज्यांना परवडत नाही त्यांना अगदी थोड्या डोसवर ठेवते आणि दर आठवड्याला पेशी मोजते.

क्लोपिडोग्रेल, तुझ्या सासऱ्यांना स्टेंटनंतर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिलेली गोळी, तिचंही असंच. ती यकृतात बदलल्याशिवाय काम करत नाही आणि दक्षिण आशियातल्या निम्म्याहून अधिक लोकांत ते काम करणाऱ्या जनुकाची एक तरी प्रत मंद असते. ब्रिटनमध्ये 2024 पासून अर्धांगवायूचा झटका आलेल्यांची ही तपासणी करायची शिफारस आहे. मी सरसकट करत नाही. गोळ्या वेळच्या वेळी घेऊनही पुन्हा गुठळी झाली तर मात्र हृदयरोगतज्ज्ञांशी बोलून लगेच करवते. सासऱ्यांना काही त्रास नाही ना? मग गोळी चालू ठेवा.

आणि मुलांसाठी ते 'कोणता खेळ जमेल, कोणता आहार चालेल' वालं जनुक तपासणीचं पॅकेज घेऊ नकोस. त्यातून मिळणाऱ्या उत्तरावर तुम्ही घरात काहीच वेगळं करणार नाही.

ताईच्या पॅथॉलॉजीच्या रिपोर्टचा आणि शेवटच्या सीए-125 चा फोटो पाठव. गुरुवारी दुपारी माझी ओपीडी नसते, त्या वेळी ताई आणि भाऊजी दोघांना जवळ बसवून फोन लाव. त्यांच्याशी मीच बोलते.

तुझी,
नंदा